किलुगाची मादी

१

नवी जात जाहीर करणं म्हणजे लोकांना वाटतं तसं काही नसतं. हरखून जावं असा क्षण त्यात एखादाच, बाकी सगळं मान मोडून बसणं. कोळी स्पिरिटमध्ये बुडवून काचेच्या वाटीत ठेवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली सरकवायचा आणि एकेक पाय, पायावरचा एकेक काटा, डोळ्यांमधलं अंतर मोजून कोरड्या भाषेत लिहून काढायचं. मोजणं आणि लिहिणं माझ्याकडे असे. चित्रं वावुदा काढायची. कोळ्याच्या अंगावरचा केस ती असा काढायची की फुंकर मारली तर हलेल असं वाटे.

आम्ही मिशनच्या शाळेपासूनच्या मैत्रिणी. पुढे विद्यापीठात एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसलो. ती लग्न करून मोकळी झाली, नवऱ्यालाही मोकळं केलं, आणि पदरात मुलगा राहिला, म्वांदाऊ. गावात तिला सगळे मामा म्वांदाऊच म्हणायचे; मामा म्हणजे आमच्याकडे आई. मला कुणाची आई म्हणून कधी कुणी हाक मारली नाही. मी म्घोई, ती म्घोईच राहिले.

किलुगाच्या डोंगरावरच्या जंगलातला तो नर कोळी वावुदालाच सापडला होता. उड्या मारणाऱ्या कोळ्यांतला, पण त्या कुळाला न शोभणारा. शेवाळी रंग, पायांवर केसांचे झुबके, स्वस्थ बसला की झाडावरून गळलेला कचरा वाटावा. नवी जात आहे हे पहिल्या दिवशीच कळलं. पण नुसत्या नरावर भागत नाही. मादीच्या पोटाखाली जी खूण असते ती पाहिल्याशिवाय वर्णन पुरं होत नाही. मादी शोधायला वावुदा एकटी वर गेली, ठरल्याच्या आधीच खाली आली आणि अंथरुणाला खिळली. मी भेटायला गेले तेव्हा ती स्वयंपाकघराच्या भिंतीपासून लांब, खोलीच्या मधोमध गादी ओढून निजली होती. ताप आहे, म्हणाली. म्वांदाऊला मी काही दिवस माझ्याकडे नेलं.

बरी झाल्यावर ती म्हणाली, "म्घोई, या खेपेला तू पण चल. एकटीला नाही जमायचं मला."

वावुदाने मला कधी 'चल' म्हटलं नव्हतं. नेहमी मीच तिच्या मागे असायची. मला इतका आनंद झाला की तिचा चेहरा पाहायचं राहून गेलं.

२

जंगलखात्याच्या रिघाने आम्हाला गाडीने वर सोडलं. कोळ्यांचे पाय मोजायचा पगार मिळतो हे त्याला अजून पटलं नव्हतं. म्हणाला, "माझ्या सासूच्या घरी चला. एका कोपऱ्यात जन्मभराचं काम आहे. वर सासूही मोजून घ्या." आमचं सामान उतरवून, किल्ली देऊन तो हसत गेला. धुकं इतकं होतं की गाडी वळणापर्यंत पोचायच्या आत नाहीशी झाली, आवाज तेवढा बराच वेळ खाली उतरत राहिला.

आमच्या मुक्कामाची चौकी म्हणजे एका रांगेत तीन खोल्या. फळ्यांच्या भिंती, वर पत्रा, पुढे एकच ओसरी आणि ओसरीवर उघडणारी तीन दारं. मधल्या खोलीत आमचं कामाचं टेबल. टोकाची एक खोली वावुदाने मला दिली. "ही घे, कोरडी आहे," म्हणाली. मी आत पाय ठेवायच्या आधी तिची पिशवी दुसऱ्या टोकाला जाऊनही पडली होती. खोली कोरडी नव्हती. भिंतीच्या फळ्यांना खालून बुरशी चढली होती. पण तिने मायेने दिली म्हणून मी तीच घेतली.

सकाळी आम्ही जंगलात जायचो. छत्री उघडून उलटी धरायची, वरची फांदी काठीने बडवायची, छत्रीत पडेल ते निवडायचं. दुपारी धुकं उतरलं की परतायचं, केळी घालून घोटलेला घेवडा खायचा, आणि दिवा लावून कामाला बसायचं. दुपार असली तरी दिवा लागायचाच.

मादी चटकन सापडली. मी वावुदाला मिठीच मारली. मादीला मी जिवंतच काचेच्या पेटीत ठेवलं, कारण मारण्याआधी ती वागते कशी हे पाहायचं होतं. पेटीत एक जाळं विणणारा कोळीही होता, आपल्या जाळ्याच्या मधोमध बसलेला. आमची मादी जाळ्याच्या कडेला गेली आणि पुढच्या पायाने धागा छेडू लागली. एकदा हळू, एकदा जोरात. मग दोन पायांनी. मग पोटाने. तऱ्हातऱ्हा करून पाहत होती. जाळ्याचा मालक ढिम्म. आणि मग कुठल्याशा एका छेडीला तो किंचित वळला. त्यानंतर तिने बाकी सगळं सोडलं. तेवढी एकच छेड, पुन्हा पुन्हा, अगदी सावकाश, तो स्वतःच्या पायांनी तिच्यापर्यंत येईतो.

मी वावुदाला दाखवायला वळले. ती बघत नव्हती. खिडकीकडे पाठ करून उभी होती आणि पेन्सिलीला टोक काढत होती. ते टोक कधीच झालेलं होतं.

३

पहिल्यांदा टकटक ऐकली ती जेवणानंतर जरा आडवी झाले तेव्हा. माझ्या पलंगामागची भिंत मधल्या खोलीची. फळीवर कुणी बोटाच्या पेराने वाजवावं तसा आवाज. मग नखाने. मग तळहाताने, दमानं. वावुदा टेबल सरकवत असेल म्हणून मी कूस बदलली. खिडकीतून सहज बाहेर पाहिलं तर वावुदा झऱ्याच्या वाटेने पाण्याचा डबा घेऊन वर येत होती.

भिंतीवर अजून वाजतच होतं.

पत्रा थंड झाला की आकसतो. फळ्यांच्या पोकळीत उंदीर असतात. सुतारपक्षी असतो. ही सगळी कारणं मला लगेच सुचली आणि सगळी चांगली होती. उठून मधल्या खोलीत गेले. कुणी नव्हतं. पेटीत आमची मादी काचेला चिकटून बसली होती. तिचे पुढचे दोन मोठे डोळे माझ्याकडे होते. पण त्यात काही विशेष नाही, हे कोळी माणसाकडे बघतातच.

वावुदाला मी सांगितलं. तिने डबा खाली ठेवला आणि विचारलं, "तू काही बोललीस का? ओ दिलीस?"

"भिंतीला?" मी म्हटलं.

ती हसली, पण जरा उशिराने.

पुढच्या दिवसांत तिच्यातल्या एकेक गोष्टी मला खटकू लागल्या. मी दुसऱ्या खोलीतून हाक मारली तर ती ओ द्यायची नाही. उठून यायची, दारात उभी राहून माझं तोंड नीट बघायची आणि मग म्हणायची, "काय?" मला राग यायचा. एकदा मी म्हटलं, "बहिरी झालीस की महाराणी?" तर ती शांतपणे म्हणाली, हाका मारू नकोस, येऊन सांगत जा.

आणि आवाज वाढत होते. सकाळच्या धुक्यात माझ्या खोलीमागे, जिथे नुसतं रान होतं, तिथे कपात चमचा फिरवल्याचा आवाज आला. कुणी घसा खाकरला. मग बाईच्या हसण्यासारखं काहीतरी, पण मधूनच सुरू झालेलं आणि मधेच थांबलेलं. प्रत्येक वेळी मी बाहेर जाऊन पाहिलं. गवत दबलेलं नव्हतं. डोंगरावर आवाज कुठून कुठे जातो याचा नेम नसतो, खालच्या वस्तीतला चमचा वर ऐकू येत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. खालची वस्ती फार खाली होती. तेही मला माहीत होतं.

४

शाळेत असताना मला एकदा गोवर आला आणि मला वसतिगृहाच्या टोकाच्या खोलीत एकटीला ठेवलं. पलीकडे मुलींची मोठी खोली होती. वावुदा भिंतीशी येऊन बसायची आणि वाजवायची. दोन टकटक, मग नखाची एक लांब ओढ. म्हणजे, आहेस ना? मी एकदा ठोकायची. म्हणजे, आहे. त्या दिवसांत मला वाटायचं की मी ठोकलं नाही तर मरेन. पुढे बरी झाले, मोठ्या झालो, पण ती खूण राहिली. परीक्षेच्या हॉलबाहेर, दवाखान्यात, माझी आई गेली त्या दिवशी बंद दारावर. जगात ती दोघींनाच माहीत होती.

त्या दुपारी मी पलंगावर बसून बुटांची नाडी सोडत होते. भिंतीवर दोन टकटक झाली, मग नखाची लांब ओढ.

मला इतकं हायसं वाटलं की मी मोठ्याने हसले. म्हणजे इतके दिवस ही बया माझी चेष्टा करत होती. मी हात उचलला आणि एकदा ठोकलं.

भिंत गप्प झाली. ऐकणाऱ्या माणसाची असते तशी ती शांतता होती. आणि मग पुन्हा दोन टकटक, नखाची ओढ. पुन्हा. पुन्हा. खाकरणं नाही, चमचा नाही, दुसरं काहीच नाही. तेवढंच, सावकाश, एकसारखं.

मी अनवाणीच ओसरीवर धावले. वावुदा ओसरीच्या दुसऱ्या टोकाला कठड्याला टेकून उभी होती. बूट घातलेले, नाड्या घट्ट, पिशवी खांद्याला. ती माझ्याच दाराकडे बघत होती. मला पाहून तिला बरं वाटायला हवं होतं. तिचा चेहरा पडला.

"कुठे निघालीस?" मी विचारलं.

झऱ्यावर, असं ती म्हणाली. पाण्याचा डबा तिच्या हातात नव्हता.

५

दुसऱ्या दिवशी ती पोटात दुखतं म्हणून पडून राहिली. मला वाटलं, निदान कामाची तरी पूर्तता करावी. मादीला स्पिरिटमध्ये घातलं, मोजमाप घेतलं आणि आकडे भरायला वावुदाचा संगणक उघडला. नर तिला सापडला म्हणून या वेळी वर्णनाचा मसुदा तिच्याकडेच होता. मादीची जागा रिकामी सोडली होती, बाकी सगळं तिने तयार केलेलं होतं. मी खाली सरकत गेले. नर, पाय, काटे, रंग. आणि मग नावाचा परिच्छेद. नव्या जातीला तेच नाव का दिलं हे तिथे सांगावं लागतं.

तिथे लिहिलं होतं, ही जात माझी मैत्रीण म्घोई हिच्या स्मरणार्थ, जी याच जंगलात काम करताना गेली.

मी ते पुनःपुन्हा वाचलं. चुकून लिहिलं असेल, असं मनात आलं. मग वाटलं, कसं चुकून? माणूस असं काय चुकून लिहील? हा मजकूर आम्ही वर येण्याआधीचा होता. कारण वर आल्यापासून तिने संगणकाला हात लावला नव्हता.

वावुदा दारात उभी होती. कधी आली कळलं नाही.

मी म्हटलं, "हे काय लिहिलंयस?"

"वाचलंस होय."

"मी जिवंत आहे, वावुदा."

"हो," ती म्हणाली. टेबलाच्या पलीकडे, नेहमीच्या जागी येऊन बसली. "मला वाटलं, निदान तुझं नाव तरी राहील."

मग तिने सांगितलं. रडली नाही, आवाज चढवला नाही. मागल्या खेपेला ती एकटी असताना भिंतीवर असंच वाजायला लागलं. तऱ्हातऱ्हा झाल्या. तिने कशालाच दाद दिली नाही. मग एकदा भिंतीपलीकडे तिची वारलेली आई खोकली, आणि तिच्या तोंडून "काय गं आई?" निघून गेलं. त्यानंतर खोकलाच. ती डोंगर उतरली तर तो खोकला तिच्यामागोमाग खाली वुंदान्यीला, घरी आला, स्वयंपाकघराच्या भिंतीमागे. ते काय आहे हे तिला माहीत नव्हतं. जाणून घ्यायचंही नव्हतं. ओ दिल्याशिवाय ते आत येत नाही, एवढं तिला उमगलं होतं, म्हणून ती दात आवळून गप्प राहिली. पण एका सकाळी ते म्वांदाऊच्या खिडकीशी खोकलं, आणि पोर अर्धवट जागं होऊन म्हणालं, "आजी?"

"तेव्हा मी ठरवलं," वावुदा म्हणाली.

"काय ठरवलंस?"

"त्याला दुसरं कुणीतरी द्यायचं. मी मागच्या भिंतीशी बसून ती खूण वाजवली. रोज. त्याला ती शिकायला वेळ लागला."

मी विचारलं, आख्ख्या जगात दुसरं कुणी नव्हतं?

तिने माझ्याकडे पाहिलं. टोचून बोलायचं म्हणून नाही, साधी गोष्ट समजावून सांगावी तसं ती म्हणाली, "मला लेकरू आहे, म्घोई. तुझ्यामागे कोण आहे?"

"म्वांदाऊ जन्मला तेव्हा दाईने त्याला आधी माझ्या हातात दिलं होतं."

"माहीत आहे."

मी वाट पाहिली. ती आणखी काही बोलेल असं मला वाटत होतं. एवढी वर्षं होती आमच्यामध्ये, काहीतरी बोलेलच. ती उठली, आपल्या खोलीत गेली, आणि कडी घातल्याचा आवाज आला.

६

मी चालत खाली जायचं ठरवलं. उजेड होता, नुसतं धुकं होतं. मधल्या खोलीत उभी राहून मी माझ्या बाटल्या गुंडाळू लागले. भीती कमी होती, राग जास्त. लहान मुलाने टाकून दिलेल्या खेळण्यासारखं मला वाटत होतं. किंवा तेही नाही. खेळणं निदान आधी आवडतं असतं.

तेवढ्यात ओसरीवर, वावुदाच्या दाराशी, कुणीतरी म्हणालं, "वावुदा."

तो माझा आवाज होता.

आपला आवाज बाहेरून ऐकला की आपल्याला तो आवडत नाही. हाही मला आवडला नाही, म्हणजे माझाच होता. "वावुदा, छत्री कुठे ठेवलीस?" असं त्याने विचारलं. मग, "वावुदा, घेवडा करपतोय." मी गेल्या काही दिवसांत बोललेली वाक्यं एकामागून एक निघत होती. बहिरी झालीस की महाराणी. येतेस का. ते माझ्याकडे न येता तिच्याकडे का गेलं, मला आजही सांगता येत नाही. फळ्यांच्या पलीकडे वावुदा श्वास रोखून बसली होती, तेवढं मला कळत होतं.

मग माझा आवाज म्हणाला, "वावुदा, मी रागावले नाही."

हे मी कधीच म्हटलं नव्हतं.

पलीकडे पलंग करकरला.

"मी रागावले नाही," तो पुन्हा म्हणाला. बाकी सगळं सोडून तेवढंच. "मी रागावले नाही गं."

मी भिंतीवर दोन्ही हात आपटले. "वावुदा, ती मी नाही! मी इथे आहे, मधल्या खोलीत. दार उघडू नकोस!"

"तू गप्प बस," भिंतीपलीकडून वावुदा मला म्हणाली. "तू कोण आहेस ते ठाऊक आहे मला."

मी वेड्यासारखी पटवू लागले. शाळेचं सांगितलं, गोवराचं सांगितलं. माझ्या आवाजात राग होता, तो मला काढता येईना. आणि बाहेरचा आवाज मऊ होता, माझा शाळेत होता तसा. शेवटी दुसरं काही सुचेना म्हणून मी भिंतीवर ती खूण वाजवली. दोन टकटक, नखाची ओढ. वाजवून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं की मी काय केलं. मी म्हणजे मीच, हे सांगणारी जगात ती एकच गोष्ट होती आणि ती वावुदाने देऊन टाकली होती.

पलीकडून ती किंचाळली आणि भिंतीपासून दूर पळाली. दाराकडे.

कडी निघाली.

मधल्या खोलीच्या दारावर माझा हात होता. ते मी उघडलं नाही, उघडू शकले नाही. वावुदाच्या खोलीकडच्या फळीत एक फट होती, तिला डोळा लावला. वावुदाच्या दारातून धुक्याचा पांढरा उजेड आत आला होता आणि त्यात ती मला पाठमोरी दिसत होती. तिच्यासमोर कुणीतरी होतं. उंची माझी. खांदा माझ्या खांद्यासारखा. चेहरा वावुदाच्या डोक्याआड होता. तिच्या पाठीवर एक हात आला. मोजणं हा माझा धंदा आहे, पण त्या हाताची बोटं मी मोजली नाहीत. तो पाठीवर थोपटू लागला, मग चोळू लागला, मग मानेवर गेला, मग केसांवरून एकदा अगदी हळू फिरला. त्याबरोबर वावुदाला हुंदका फुटला आणि तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"चुकले गं मी," ती म्हणाली.

मी फटीपासून डोळा काढला. पुन्हा लावला तेव्हा खोलीत धुकं होतं.

७

रिघाने माणसं जमवून सगळं जंगल पालथं घातलं. कडा आहे, दरी आहे, धुक्यात माणसाचा पाय घसरतो, असं म्हणून लोकांनी मला समजावलं. मी मान डोलावली. म्वांदाऊलाही तेच सांगितलं.

हे ऐकणाऱ्याला वाटेल, मी त्या हाताला भ्यायले असेन. भ्यायले होते. पण दुपारी काम करताना माझा हात मधेच थांबतो तो त्यासाठी नाही. 'चुकले गं मी' हे तीन शब्द माझे होते. मी टेबलाच्या पलीकडे बसून, तिच्या तोंडाकडे बघत, त्यांची वाट पाहिली होती. तेवढ्यावर मी कदाचित तिला माफही केलं असतं. ते तिच्याजवळ होते. तिने ते त्याला दिले.